सौंसर-पांढुर्ण्याचा डॉक्टर : एका शतकाचा मागोवा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जांब नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा चढतो आणि पांढुर्णा व सावरगाव यांच्यात गोटमार सुरू होते. त्या दिवशी गावात तात्पुरती उपचार केंद्रे उभी राहतात, रुग्णवाहिका सज्ज असतात आणि शासन बाहेरगावाहून डॉक्टरांचा ताफा बोलावून घेते. ज्यांच्या जखमा गंभीर असतात त्यांची रवानगी नागपूरला होते. संध्याकाळी मंडप उतरतात आणि पाहुणे डॉक्टर आपापल्या ठिकाणी परततात. गोटमारीच्या बऱ्यावाइटाची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. ती येथे करावयाची नाही. या लेखाचा विषय वर्षातले उरलेले दिवस हा आहे. तापाने फणफणलेले मूल, अडलेली बाळंतीण, शेतात साप चावलेला मजूर यांना घेऊन माणसे त्या उरलेल्या दिवसांत कोणाकडे धावतात? आणि ज्याच्याकडे धावतात, त्याला त्याची विद्या कोणी, कोठे आणि कोणत्या भाषेत शिकविली? एका दिवसापुरता डॉक्टर हुकूम काढून पाठविता येतो. गावी टिकणारा डॉक्टर मात्र घडवावा लागतो आणि घडविल्यावर सांभाळावाही लागतो. अशी घडविणारी व्यवस्था आपल्या मुलखाच्या वाट्याला कधी आली, ती कशी निसटली आणि आज ती पुन्हा हाती येण्याचा संभव आहे काय, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

आरंभी भूगोलाची आठवण दिली पाहिजे. जुन्या छिंदवाडा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन स्वाभाविक भाग पडतात. घाटावर गोंड-कोरकूंची वस्ती आणि हिंदी व्यवहार. घाटाखाली नागपूरच्या मैदानाला लागून असलेली काळी जमीन, कापूस, ज्वारी, पुढे संत्र्यांचे बगीचे आणि घरोघर मराठी. देवगडच्या गोंड राज्यानंतर हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलात आला. त्या काळात आणि त्यानंतर वऱ्हाड-नागपुराकडून आलेली अनेक कुटुंबे येथे स्थायिक झाली. १८५४ साली भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला. तेव्हा पांढुर्णा हे सौंसर तहसिलीतलेच एक गाव होते. सौंसरवरून नॅरोगेजची छोटी गाडी नागपूरला जाऊ लागली, पांढुर्णा नागपूर-इटारसी या मोठ्या मार्गावर आले. बाजार, कोर्टकचेरी, सोयरीक आणि शिक्षण या सर्व कामांसाठी आपल्या वाडवडिलांची पावले नागपूरकडेच वळत. आजारपण त्याला अपवाद नव्हते.

पूर्वी गावात वैद्य असे, सुईण असे, हाडे बसविणारा एखादा जाणता असे. त्यांच्या विद्येला कमी लेखण्याचे कारण नाही, पण पटकी, देवी आणि प्लेग यांच्यापुढे तिचे हात टेकत. सरकारी दवाखाने मोठ्या गावांतच होते. तेथवर रुग्णाला बंडीत घालून न्यावे लागे आणि पावसाळ्यात नाले भरले की तीही वाट बंद होई. अशा परिस्थितीत १९१४ साली नागपुरात रॉबर्टसन मेडिकल स्कूल सुरू झाले. मध्यप्रांताचे तेव्हाचे चीफ कमिशनर सर बेंजामिन रॉबर्टसन यांचे नाव त्याला देण्यात आले होते. येथे मॅट्रिक झालेल्या मुलाला चार वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून परवानाधारक वैद्यक व्यावसायिक होता येत असे. हेच आपल्या जुन्या पिढीच्या बोलण्यातले ‘एल. एम. पी. डॉक्टर’.

शाळा सुरू होऊन जेमतेम चार वर्षे होतात तोच १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ आली. हिंदुस्थानात या साथीने जे प्रांत सर्वाधिक होरपळले त्यांत मध्यप्रांत होता. शिकलेल्या डॉक्टरांची संख्या किती अपुरी आहे हे त्या साथीने दाखवून दिले. पुढच्या तीन दशकांत या शाळेतून बाहेर पडलेल्या डॉक्टरांनी सरकारी आणि जिल्हा कौन्सिलच्या दवाखान्यांत, तसेच लहान गावांतल्या खासगी व्यवसायात आपली जागा घेतली. खुर्ची, टेबल, कंपाउंडर, मिश्रणांच्या बरण्या आणि डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटविलेली बाटली एवढ्या सामग्रीवर त्यांचा दवाखाना चाले. फी रोख मिळे, धान्यात मिळे किंवा सुगीपर्यंत उधार राही.

या डॉक्टराचे ज्ञान मर्यादित होते, हे खरे. पण तीन गोष्टी त्याच्या बाजूने होत्या. एक, मॅट्रिकनंतर चारच वर्षे शिकावयाची असल्याने तालुक्याच्या गावातल्या मध्यम परिस्थितीच्या घरालाही हे शिक्षण झेपण्यासारखे होते. दुसरे, त्याचे शिक्षण आपल्याच प्रांताच्या राजधानीत झाले होते. अडल्यास चिठ्ठी देऊन रुग्ण पाठवावा असे त्याचे गुरुजन आणि ओळखीचे रुग्णालय जवळच होते. तिसरे, नागपूरचा हा विद्यार्थी बहुधा रुग्णाची भाषा बोलणारा असे. ‘छातीत चमक निघते’ आणि ‘छाती भरून येते’ यांतला फरक त्याला कोणी समजावून सांगावा लागत नसे.

ही व्यवस्था दोन निर्णयांनी बदलली. दोन्ही निर्णय आपापल्या जागी समर्थनीय होते, आणि सौंसर-पांढुर्ण्याकडे पाहून त्यांपैकी एकही घेतला गेला नव्हता.

पहिला निर्णय भोर समितीचा. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ साली नेमलेल्या या समितीचा अहवाल १९४६ साली आला. स्वतंत्र भारताच्या आरोग्यव्यवस्थेचा पाया म्हणून तो आजही वाचला जातो. त्या वेळी देशात ४७,५२४ नोंदणीकृत डॉक्टर होते. त्यांपैकी १७,६५४ पदवीधर, तर २९,८७० परवानाधारक होते. म्हणजे पाचांपैकी तीन डॉक्टर मेडिकल स्कूलमध्ये घडलेले होते. समितीने असे ठरविले की यापुढे देशात एकाच प्रतीचा, विद्यापीठाची पदवी घेतलेला डॉक्टर तयार व्हावा आणि परवानाधारकांचे शिक्षण बंद व्हावे. गरिबासाठी कमी शिकलेला डॉक्टर आणि श्रीमंतासाठी अधिक शिकलेला, हा भेद स्वतंत्र देशाला शोभणारा नाही, हा त्यामागील विचार उदात्त होता. समितीतील काही सदस्यांनी मात्र भिन्न मत नोंदविले. डॉक्टरांची एवढी वाण असताना ही शिक्षणपद्धती एकदम मोडू नये, असे त्यांचे म्हणणे होते. ते मागे पडले. १९४७ साली नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि रॉबर्टसन स्कूलचे पर्व संपले. अनेक जुन्या एल. एम. पी. डॉक्टरांनी पुढे संक्षिप्त अभ्यासक्रम करून एम. बी. बी. एस. पदवी मिळविली.

याच अहवालाने असेही म्हटले होते की प्रत्येक डॉक्टर ‘सामाजिक वैद्य’ व्हावा आणि त्यासाठी त्याला प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे शिक्षण मिळावे. शिफारशीचा पहिला भाग, म्हणजे शाळा बंद करणे, लवकर अमलात आला. दुसरा भाग, म्हणजे नव्या पदवीधराला गावासाठी तयार करणे, पुढे कित्येक वर्षे कागदावरच राहिला. ग्रामीण वैद्यकाचे बहुतेक दुखणे या अर्धवट अंमलबजावणीत आहे, असे मला वाटते.

दुसरा निर्णय १ नोव्हेंबर १९५६ चा. राज्य पुनर्रचनेत नागपूरसह विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला आणि त्याबरोबर त्याचा घाटाखालचा मराठी भागही. सौंसर-पांढुर्ण्याची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. सांस्कृतिक दृष्टीने या घटनेचे काय परिणाम झाले याविषयी आपल्यासारख्या मंडळांतून पुष्कळ लिहिले गेले आहे. आरोग्यावर झालेल्या परिणामाकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही. तो परिणाम असा की रुग्ण पूर्वीच्याच वाटेने जात राहिला आणि डॉक्टर घडविणारी वाट तेवढी बदलली. आजार बळावला की आजही आपल्याकडची माणसे ‘मेडिकल’ला किंवा ‘मेयो’ला नेतो असे म्हणतात, ही नावे नागपूरच्या दोन शासकीय रुग्णालयांची आहेत हे कोणाला सांगावे लागत नाही. पण राज्याच्या जागा राज्याच्या रहिवाशांना, हा नियम जसजसा पक्का होत गेला तसतसे आपल्या मुलांसाठी ते महाविद्यालय परराज्यातले झाले. त्यांनी जबलपूर, भोपाळ, इंदूर गाठावे आणि शासनाने तिकडून आपल्याकडे डॉक्टर पाठवावा, अशी नवी रीत पडली. पाठविलेला डॉक्टर अनेकदा मनाने कर्तबगार असे; पण घर दूर, भाषा निराळी, वरिष्ठ शेकडो किलोमीटरांवर आणि अडलेला रुग्ण पाठवावयाचा तो दुसऱ्या राज्यात. अशा माणसाने बदलीची वाट पाहिली तर दोष कोणाला द्यावा?

नागपूरच्या ज्या महाविद्यालयाला आपण असे अंतरलो, त्याचेच काही विद्यार्थी पुढे ग्रामीण वैद्यकातली मोठी नावे ठरले, हा इतिहासाचा योगायोग. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे हेमलकशाला गेले. तेथील लोकबिरादरी प्रकल्प १९७३ सालचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ उभारली. डॉ. रवींद्र कोल्हे मेळघाटातल्या बैरागडला राहिले. हे गाव तर आपल्या शेजारच्या बैतूल जिल्ह्याच्या बाजूचेच. यांच्या त्यागाच्या कथा सर्वश्रुत आहेत आणि त्या सांगताना आपण बहुधा त्यागापाशीच थांबतो. पण शिक्षणाच्या दृष्टीने त्यांच्या चरित्रांत एक निराळा धडा आहे. शहरातल्या महाविद्यालयाने दिलेली पदवी गावात अपुरी पडते, हे यांच्यापैकी अनेकांना तेथे गेल्यावर उमगले. डॉ. कोल्हे बैरागडला काही काळ काम केल्यावर, आपल्याला काय येत नाही हे ओळखून पुन्हा नागपूरला शिकावयास गेले आणि प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकातील एम. डी. करून परतले. बंग दांपत्य सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेण्यासाठी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जाऊन आले आणि मग गडचिरोलीत बसले. खेड्यातल्या डॉक्टराला शहरातल्या डॉक्टरापेक्षा कमी शिकून चालते, ही समजूत येथे मोडून पडते. क्ष-किरण, रक्तपेढी आणि सल्ल्याला सहकारी नसताना निदान करावयाचे तर विद्या अधिकच लागते.

हे वैयक्तिक धैर्याने साधणारे काम संस्थेच्या नियमात बसविता येईल काय, याचे एक उत्तर आपल्यापासून फार दूर नसलेल्या सेवाग्रामने दिले. गांधीजींच्या निकटच्या सहकारी आणि पुढे केंद्रीय आरोग्यमंत्री झालेल्या डॉ. सुशीला नायर यांनी गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, तेथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. नव्या विद्यार्थ्याने शवविच्छेदनाच्या टेबलापाशी जाण्यापूर्वी पंधरा दिवस आश्रमात राहावे, श्रमदान करावे. प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घ्यावे, तेथे मुक्कामी शिबिर करावे आणि नेमून दिलेल्या कुटुंबांकडे पुढेही जात राहावे, असा तेथला क्रम. पदव्युत्तर प्रवेश हवा असल्यास आधी दोन वर्षे ग्रामीण भागात सेवा करावी, अशी अटही संस्थेने दीर्घकाळ पाळली. अखिल भारतीय प्रवेशपरीक्षा आल्यावर गांधीविचारांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका बंद झाली. आश्रमातला मुक्काम आणि गावाशी नाते या गोष्टी मात्र संस्थेची ओळख बनून राहिल्या.

सेवाग्रामचाच आणखी एक प्रयोग आपल्या ज्वारी पिकविणाऱ्या मुलखाला सहज कळेल असा आहे. डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास परिसरातल्या खेड्यांत एक विमा योजना सुरू केली. सुगीच्या वेळी प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यावी आणि त्या बदल्यात गावाला आरोग्यसेवेचा व रुग्णालयातल्या उपचारांचा आधार मिळावा, अशी ती योजना. त्यासाठी डॉक्टराला गावाच्या बैठकीत बसावे लागे, प्रश्न ऐकावे लागत, हिशेब द्यावा लागे. असे शिक्षण कोणत्याही व्याख्यानगृहात मिळण्याजोगे नाही.

गडचिरोलीच्या प्रयोगाने याच विचाराची दुसरी बाजू दाखविली. ‘सर्च’ने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकाची काळजी घेण्याचे शिक्षण दिले आणि ४७ गावांशी त्यांची तुलना केली. नवजात बालमृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आले. हे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेडला हेच तत्त्व वेगळ्या रीतीने सिद्ध केले होते. गावातली शिकविलेली बाई हाताशी असली की डॉक्टर एकटा राहत नाही. त्याचा निम्मा भार घरोघर हलका होतो. खेड्यातला डॉक्टर बहुधा एकटेपणाने आणि थकव्याने खेडे सोडतो हे लक्षात घेतले, तर अशा सहकाऱ्यांना शिकविणे हे डॉक्टराला आधार देणेच होय.

आपल्या राज्यानेही प्रयोग केले नाहीत असे नाही. १९७७ साली केंद्राने एक योजना आखली. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने तीन प्राथमिक आरोग्य केंद्रे हाती घ्यावीत आणि विद्यार्थ्यांना तेथे न्यावे, असे तिचे स्वरूप होते. गाड्या आल्या, पण प्राध्यापकांचे मन शहरातल्या वॉर्डातच राहिले आणि योजना विरली. मध्यप्रदेशाने १९९५ साली ‘जनस्वास्थ्य रक्षक’ योजना काढली. गावातल्या तरुणाला सहा महिने शिकवून गावी पाठविले. कल्पना वाईट नव्हती. शिकविल्यानंतर त्याला विचारणारे, सुधारणारे आणि पुन्हा शिकविणारे कोणी उरले नाही, ही तिची उणीव. परिणामी अनेक जण सुई आणि सलाइनच्या धंद्याला लागले आणि ज्यांना आपण ‘झोलाछाप’ म्हणतो त्यांच्यात मिसळून गेले. याउलट छत्तीसगडने २००१ साली तीन वर्षांचा ग्रामीण वैद्यकाचा अभ्यासक्रम काढला तेव्हा एल. एम. पी. चा जुना वाद पुन्हा उभा राहिला. विरोधामुळे तो अभ्यासक्रम टिकला नाही. पण त्यातून बाहेर पडलेल्यांना आरोग्य केंद्रांत नेमल्यावर झालेल्या पाहणीत, नेहमीच्या आजारांतील त्यांचे कौशल्य एम. बी. बी. एस. डॉक्टरांच्या तोडीचे आढळले. भोर समितीतल्या त्या भिन्न मत नोंदविणाऱ्यांना हे वाचून समाधान वाटले असते.

आता आपल्या दाराशी आलेल्या गोष्टींकडे पाहू. २०१९ साली छिंदवाड्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. २०२२ साली मध्यप्रदेशाने वैद्यकीय शिक्षणाची हिंदी पाठ्यपुस्तके प्रसिद्ध केली. २०२३ साली सौंसर आणि पांढुर्णा या तहसिलींचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. देशाच्या नियमांप्रमाणे आता वैद्यकीय विद्यार्थ्याने गावातली काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांची शिक्षणभर विचारपूस करावयाची असते, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा पातळीवर काम करावे लागते. म्हणजे १९५६ नंतर प्रथमच, डॉक्टर घडविणारी शासकीय संस्था आपल्या जवळ आली आहे. तिचे विद्यार्थी आपल्या अंगणात येतील, असा नियमही आहे.

ही संधी किती गरजेची आहे ते २०२१ च्या मार्च महिन्याने दाखविले. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मध्यप्रदेश आणि महाराष्ट्र यांच्यातली बसवाहतूक थांबविण्यात आली आणि शतकभराची नागपूरची वाट एका आदेशाने अडली. जे रुग्णालय आपल्या राज्याचे नाही त्याच्यावर सगळी भिस्त ठेवणे किती धोक्याचे, हे तेव्हा कळले.

मात्र नुसत्या इमारतीने आणि नियमाने काम होत नाही, हे १९७७ आणि १९९५ च्या प्रयोगांनी सांगितले आहे. येणारा विद्यार्थी मुरैना, रीवा किंवा सागरचा असेल. तो हिंदीतून शिकला असेल. आपल्या गावातली म्हातारी त्याला सांगेल की अंगात कणकण आहे, हातापायांना मुंग्या येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. सून संकोचून म्हणेल की अंगावरून जाते. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेली पाहणी १९८९ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग असल्याचे आढळले होते. आणि त्यांतल्या फारच थोड्यांनी कधी उपचार घेतले होते. स्त्रिया बोलत नाहीत ते सांगण्यासारखे नसते म्हणून नव्हे. ज्याला सांगावे तो ऐकणारा आणि समजणारा नसतो म्हणून.

येथे आपल्यासारख्या साहित्य मंडळाला करण्याजोगे एक काम आहे. महाविद्यालय चालविणे, पगार वाढविणे, निवासस्थाने बांधणे हे शासनाचे काम आणि ते त्याच्याकडून मागून घेतलेच पाहिजे. पण आपल्या तहसिलींत बोलल्या जाणाऱ्या दुखण्यांच्या शब्दांचा एक छोटा संग्रह आपण करू शकतो. कळ, चमक, वांब, मुरडा, गोळा, ओकारी, हिवताप, बधिरता यांचे बारीकसारीक अर्थ, त्यांना हिंदी प्रतिशब्द, आणि गोंडी व पवारी बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडून मिळवलेले त्यांचे शब्द असा चाळीस-पन्नास पानांचा संग्रह छिंदवाड्याहून येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती देता येईल. त्याच्या मुक्कामाच्या पंधरवड्यात आपल्यापैकी एखाद्या घराने त्याला जेवावयास बोलवावे, एखाद्या निवृत्त शिक्षकाने त्याच्याबरोबर वस्तीत फिरावे. आपली मुले नागपूर, पुणे आणि त्याहून दूर डॉक्टर झाली आहेत; त्यांनी वर्षातले काही दिवस येथल्या आरोग्य केंद्रातल्या तरुण सहकाऱ्याच्या शंका ऐकाव्यात, दूरध्वनीवर सल्ला द्यावा.

एल. एम. पी. डॉक्टराच्या बाजूने ज्या तीन गोष्टी होत्या त्यांपैकी जवळची शिक्षणसंस्था आता आली आहे. सामान्य घराला परवडणारे शिक्षण हा धोरणाचा प्रश्न आहे आणि त्यासाठी भांडावे लागेल. तिसरी गोष्ट भाषेची. ती मात्र कोणत्याही मंत्रालयाच्या मंजुरीवाचून आपल्याला देता येण्यासारखी आहे. येत्या पोळ्यापूर्वी शब्दांची पहिली यादी तयार व्हावी, अशी माझी सभासदांना विनंती आहे.